अहुवाची हजेरी

मिलीनं घरात इंटरनेट घेतलं तेव्हा त्याचा सगळ्यात जास्त त्रास आपल्या आईला होणार आहे, हे तिच्या ध्यानीमनीही नव्हतं. दोन हजार सहा सालच्या फेब्रुवारीत तिची आई अहुवा सेहेचाळीस वर्षांची होती. वाळवंटातल्या येरुहाम गावच्या चिनी मातीच्या कारखान्यात ती भाजून आलेली बेसिनं तपासायची. लाकडी हातोडीनं हलकेच टकटक करायचं आणि आवाजावरून तडा ओळखायचा, हे तिचं काम. चोवीस वर्षांत तिचा कान इतका तयार झाला होता की शेजारणीच्या आवाजावरूनही घरात काय बिनसलंय ते तिला कळे. फक्त स्वतःचं काही बिनसलं की पत्ता लागत नसे.

दहा वर्षांपूर्वी तिनं पदवीला नाव घातलं होतं. एका सहामाहीत एक विषय, कधी तोही नाही. मिलीची आजारपणं, नवऱ्याची दूर एलातच्या हॉटेलातली नोकरी, कारखान्याच्या पाळ्या हे सगळं सांभाळत विषय एकेक करून सुटत गेले आणि शेवटी एकच उरला, संख्याशास्त्राची ओळख. तो मात्र त्या वर्षी फक्त ऑनलाइन होता. वर्ग नाही, बेरशेबाची बस नाही, फळ्यासमोर उभा मास्तर नाही. आणि या वेळी तो सुटायलाच हवा होता. गावातल्या शाळेत अहुवा आठवड्यातून दोन दिवस ग्रंथालयात बदली म्हणून बसे. मुख्याध्यापिकेनं स्पष्ट सांगितलं होतं, "सप्टेंबरात पदवी दाखव, जागा तुझी. त्यापुढे मला थांबता यायचं नाही." हातोडी खाली ठेवून पुस्तकांत बसायचं, एवढंच अहुवाला आयुष्यात स्वतःसाठी हवं होतं. तिच्या गुडघ्यांनाही तेच हवं होतं.

नियम सोपा होता. तेरा आठवडे, तेरा स्वाध्याय, दर शुक्रवारी दुपारी बाराला दार बंद. दोन चुकले तर चालतील, तिसरा चुकला की परीक्षेला बसता येणार नाही. बाकी व्याख्यानं कधीही बघा, पुस्तक कधीही वाचा, प्रश्न कधीही विचारा.

या 'कधीही'नं घात केला. पहिल्या आठवड्यात तिनं इस्त्री करता करता व्याख्यान दोनदा ऐकलं आणि आपला अभ्यास झाला असं तिला मनापासून वाटलं. दुसऱ्या आठवड्यात ती विद्यार्थ्यांच्या चर्चेच्या पानावर गेली. तिथे तेल अवीवच्या कुणा पोरानं लिहिलं होतं, की त्यानं चार आठवड्यांचं काम एका बैठकीत उरकलं. त्याच्याखाली नव्वद जणांनी काही ना काही लिहिलं होतं. अहुवानं सगळंच्या सगळं वाचलं. वाचून होईपर्यंत शुक्रवार उजाडला होता. दोन आठवडे, स्वाध्यायांच्या यादीत दोन कोरे चौकोन. सवलत होती तेवढी वापरून झाली होती.

तिसऱ्या आठवड्यात तिच्या वडलांनी, बारूख झिराडकरांनी, या प्रकरणात लक्ष घातलं.

बारूख एक्याऐंशी वर्षांचे. बायको गेल्यापासून लेकीकडेच राहत. जन्म अलिबागेकडच्या मराठी ज्यू घरातला, उमेदीची वर्षं मुंबईच्या एका कापडगिरणीत टाइमकीपर म्हणून गेली. हजार माणूस दारातून आत जाताना ते बघत आणि मस्टरवर खूण करत. चौसष्ट साली सगळं कुटुंब घेऊन ते ज्यूंच्या नव्या देशात, येरुहामला आले, इथे कारखान्यात खोकी उचलली, खडी फोडली, पण मनातून टाइमकीपरच राहिले. गिरणीनं निरोपाला दिलेलं चावीचं भिंतीवरचं घड्याळ त्यांनी गोधड्यांत गुंडाळून आणलं होतं. त्याची चावी त्यांच्या सदऱ्याच्या खिशात असे. दुसऱ्या कुणी घड्याळाला हात लावलेला त्यांना खपत नसे.

"अहुवा, एक सांग मला बाय," त्या दिवशी चहा बशीत ओतत त्यांनी विचारलं. "ह्या तुझ्या कॉलेजात सुपरवायझर कोण?"

"कोणी नाही, बाबा. घरूनच करायचं असतं."

"मग हजेरी कोण घेतो?"

"कोणीच नाही. आपलं आपण ठरवायचं. केव्हा बसायचं, किती बसायचं, सगळं."

बारूखनी बशी खाली ठेवली. युनिव्हर्सिटी आणि तिला टाइमकीपर नाही, हे त्यांच्या बुद्धीला पटेना. "अगो, मग त्ये कॉलेज कसलं? मोकळं मैदान आहे! तुझ्यासारखी चोवीस वर्षं भोंग्यावर चाललेली बाई, तिला मैदानात सोडली तर ती करणार काय?"

अहुवाला हसू आलं, आणि मग वाईट वाटलं, कारण म्हातारा खरं तेच बोलला होता. कारखान्यात ती कधी एक मिनिट उशिरा गेली नव्हती. पण तिथे भोंगा होता, फोरमन होता, पुढून येणारं बेसिन होतं. इथे तिला कुणीच बोलावत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बारूखनी मिलीची एक जाडजूड वही घेतली, पट्टीनं रेघा मारल्या आणि मस्टर तयार केलं. तारीख, येण्याची वेळ, जाण्याची वेळ, काय काम केलं. निळ्या पेन्सिलीनं हजर, लाल पेन्सिलीनं गैरहजर, पाच मिनिटांवर उशीर झाला तर लेट मार्क. तीन लेट मार्क झाले की शब्बाथच्या, शुक्रवार संध्याकाळपासूनच्या पवित्र दिवसाच्या, करीतला माशाच्या डोक्याचा तुकडा बारूखना. ही शिक्षा त्यांनी स्वतःच ठरवली होती आणि ती अमलात यावी अशी त्यांची फार इच्छा होती.

पाळी बघून वेळा ठरल्या. ठरल्या वेळी बारूख स्टीलच्या ताटावर पळी आपटत आणि ओरडत, "भोंगा झाला!" अहुवा पदर, म्हणजे ॲप्रन, सोडून कॉम्प्युटरसमोर येई. पहिल्या दिवशी शेजारची इलाना धावत आली, तिला वाटलं घरात काही पडलं. चौथ्या दिवसापासून त्या ताटाच्या आवाजावर इलानाही आपल्या पोरांना गृहपाठाला बसवू लागली.

आणखी एक रूल होता. सुटी व्हायच्या आधी, आज काय शिकलीस ते टाइमकीपरला मराठीत सांगायचं. हा रूल मात्र अवघड निघाला. अहुवाचं मराठी स्वयंपाकघरातलं. रागवायला, लाड करायला आणि मासळीची घासाघीस करायला ते पुरे पडे. संख्याशास्त्र तिच्या डोक्यात हिब्रूत होतं. ती अडखळत सुरू करी, हात हलवी, मग कागद घेई. आणि सांगताना तिच्या लक्षात येई, की आपल्याला कळलंय असं वाटत होतं ते निम्मं कळलेलंच नाही. मग ती उठून पुन्हा व्याख्यान लावी.

"बाबा, समजा तुमच्या डिपार्टमेंटला चाळीस माणसं पाचपाच मिनिटं लेट आली. आणि एक जण पाच तास लेट आला."

"सॉलोमन," बारूख ताबडतोब म्हणाले.

"बरं, सॉलोमन. आता सरासरी काढली तर प्रत्येक जण बारा मिनिटं लेट दिसेल. पण तसं झालंच नाही ना? म्हणून सगळ्यांना ओळीनं उभं करायचं, कमी लेट ते जास्त लेट, आणि मधल्या माणसाला विचारायचं तू किती लेट. तो म्हणेल पाच."

बारूखनी कागद आपल्याकडे ओढला. "म्हणजे सरासरीनं चांगल्या माणसांची बदनामी होते," ते म्हणाले. "हे मला पन्नास साली कोणी सांगितलं असतं तर मॅनेजरशी मी भांडलो असतो." आणि त्यांनी मस्टरवर निळी खूण केली. तो स्वाध्याय अहुवानं शुक्रवारपर्यंत न ताणता बुधवारीच पाठवला. चौथाही वेळेत गेला. लेट मार्क दोनच झाले होते, त्यामुळे माशाचं डोकं अजून अहुवाच्याच ताटात होतं.

मग एकतीस मार्चचा शुक्रवार आला.

त्या वर्षी सरकारनं उन्हाळ्याची वेळ शुक्रवारपासून सुरू केली. गुरुवारच्या रात्रीत देशभरची घड्याळं एक तास पुढे जायची होती. हे सगळ्यांना ठाऊक होतं. कारखान्यात फळ्यावर लिहिलं होतं. अहुवालाही ठाऊक होतं. पण बारूखचा एक जुना कायदा होता, गिरणीतून आणलेला. चालू आठवड्यात घड्याळ हलवायचं नाही. आठवडा ज्या वेळेनं सुरू झाला त्याच वेळेनं संपवायचा, नाहीतर मस्टरचा मेळ बसत नाही. घड्याळ लावायचं ते सुटीनंतर, मस्टर बंद करून. मुंबईत एके काळी सरकारची वेळ एक आणि शहराची वेळ दुसरी असा कारभार चालत असे, आणि बारूख तेव्हाचे होते. दोन वेळा डोक्यात सांभाळणं त्यांना जड नव्हतं. शब्बाथ संपला, त्याच्या निरोपाचा हव्दाला झाला, की ते खुर्चीवर चढून घड्याळ लावायचे. अहुवानं हे लहानपणापासून पाहिलं होतं. पण आजवर शुक्रवारी बाराला बंद होणारं दार तिच्या आयुष्यात नव्हतं, त्यामुळे याचा विचार करायची वेळ तिच्यावर कधी आली नव्हती.

गुरुवारी ती दुपारपाळीला होती. शुक्रवारी सकाळी उठली, घड्याळ पाहिलं, बाबांनी ते पुढे केलंच असणार असं धरून चालली. कॉम्प्युटरवर कोपऱ्यात तीच वेळ होती. ती असणारच, तो काही आपणहून वेळ बदलत नसे आणि मिलीनं तो भिंतीवरच्या घड्याळावरूनच लावला होता. नवरा हॉटेलात ड्यूटीवर, मिली सैन्यात, छावणीवर. सांगणारं घरात तिसरं कुणी नव्हतं. आठला ताट वाजलं. अहुवा बसली. आलेख काढले, आकडे दोनदा तपासले, वर आणखी एकदा. वेळ भरपूर होता. करीसाठी नारळ खवून ठेवला होता. अकरा वीसला तिनं बटण दाबलं.

पडद्यावर अक्षरं आली, की स्वाध्याय घेण्याची मुदत वीस मिनिटांपूर्वी संपली आहे.

अहुवानं पुन्हा दाबलं. मग घड्याळाकडे पाहिलं, मग बाबांकडे. बारूख मस्टरमध्ये अकरा वीस लिहीत होते. त्यांचा हात थांबला. त्यांनी आदल्या दिवसाचं पान उलटलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

"बाबा, तुम्ही घड्याळ पुढे केलं नाहीत?"

"आठवडा चालू आहे," ते हळूच म्हणाले. "मी तुला सांगणार होतो."

अहुवा आयुष्यात वडलांना कधी उलटून बोलली नव्हती. त्या दिवशी बोलली. "हे घड्याळ मुंबईतच टाकून यायचं होतं तुम्ही! दहा वर्षं, बाबा. दहा वर्षं मी एकेक विषय करतेय. सगळं गेलं." आणि ती स्वयंपाकघरात जाऊन नारळाचं दूध पिळू लागली, कारण शुक्रवार होता आणि रडत असलं तरी शब्बाथला करी लागतेच.

संध्याकाळी दिवे लागले. शब्बाथला घड्याळाला हात लावता येत नाही, त्यामुळे ते तसंच राहिलं. दुसऱ्या रात्रीपर्यंत ते चुकीचे ठोके देत होतं आणि प्रत्येक ठोक्याला दोघं ताटात बघत. माशाचं डोकं अहुवानं बाबांच्या ताटात वाढलं. त्यांनी ते परत भांड्यात ठेवलं. खाल्लं कुणीच नाही.

त्या दिवसभरात अहुवाचा राग थोडा थोडा उतरत गेला आणि त्याच्या जागी दुसरंच काहीतरी येऊन बसलं. फळा तिनं वाचला होता. बाबांचा कायदा तिला माहीत होता. एवढंच विचारायचं होतं, "घड्याळ लावलंत का?" पण ताट वाजायला लागल्यापासून वेळ हा बाबांचा प्रश्न झाला होता. आपण फक्त बोलावलं की यायचं. म्हणजे पुन्हा भोंगाच झाला की! हे तिला कळलं, पण बाबांना जाऊन सांगवेना, कारण जीभ एकदा तशी सुटली की परत यायला लाजते.

शब्बाथ संपल्यावर बारूखनी हव्दालाचा काकडा वाइनमध्ये विझवला, खुर्चीवर चढून काटा पुढे केला, खाली उतरले आणि चावी लेकीच्या हातावर ठेवली. "आजपासून टाइमकीपर तू," ते म्हणाले. "माझी रिटायरमेंट." ते खोलीत गेले. अहुवा चावी हातात धरून उभी राहिली.

रविवारी तिनं विद्यापीठाला अर्ज केला. कारणाच्या जागी तिनं लिहिलं, 'घरगुती अडचण.' म्हाताऱ्या बापाचं नाव असल्या कागदावर घालायचं नाही, हे तिचं पक्कं होतं. मिलीनं आईला फोनवर सांगून पाहिलं, "इमा, असं मोघम लिहिलंस तर ते विचारणारच नाहीत." अहुवा म्हणाली, "नाही विचारलं तर नाही विचारलं." पण त्याच रविवारी तिनं चावी दिली, घड्याळाचे काटे रेडिओच्या वेळेशी जुळवले, कॉम्प्युटरची वेळही जुळवली, मस्टर उघडलं आणि स्वतःच्या हातानं लिहिलं, सहावा आठवडा. परीक्षेला बसू देतील की नाही माहीत नव्हतं. तरी ती बसली. ताट वाजलं नाही. वेळ झाली तेव्हा ती आपली उठून आली, आणि सुटीच्या वेळी बाबांच्या खोलीच्या दारात उभं राहून, आत न जाता, आज काय शिकले ते तिनं मराठीत सांगितलं.  आत पलंग करकरला, म्हणजे म्हातारा ऐकायला उठून बसला होता.

दहा दिवसांनी फोन आला. विषयाच्या शिक्षिका लिमोर बोलत होत्या. "तुमचा अर्ज तर नाकारल्यातच जमा होता," त्या म्हणाल्या. "पण तुमच्या कारखान्याच्या टाइमकीपरचं पत्र आलं. इतके काटेकोर अधिकारी हल्ली कुठे असतात?"

"कुठलं पत्र?" अहुवानं विचारलं.

लिमोरनी वाचून दाखवलं. पत्र जुन्या वळणाच्या इंग्रजीत होतं. खाली सही करणारा टाइमकीपर कळवतो, की सदर कामगार त्या दिवशी आठ वाजता हजर होती व तिनं काम वेळेत पुरं केलं. चूक घड्याळ खात्याची आहे. टाइमकीपरनं आदल्या दिवशी मस्टरवर 'उद्या सरकारी वेळ एक तास पुढे, अहुवास सांगणे' अशी नोंद केली होती व सांगण्यास तो विसरला. सबब शिक्षा टाइमकीपरला व्हावी. सोबत मस्टरच्या पानांच्या नकला होत्या. सुटीवर आलेल्या मिलीनं हे सगळं आजोबांच्या सांगण्यावरून गुपचूप फॅक्स केलं होतं.

"त्या शुक्रवारच्या ओळीत तुमच्या नावापुढे निळी खूण आहे," लिमोर म्हणाल्या. "खाली आणखी एक नाव आहे, बारूख, आणि त्याच्यापुढे लाल. हे कोण?"

"माझे वडील," अहुवा म्हणाली.  

विद्यापीठाच्या समितीनं वीस मिनिटं वाद घातला, असं लिमोरनी नंतर सांगितलं. शेवटी ठरलं की स्वाध्याय मिळाला असं धरावं, गुण मात्र शून्य. म्हणजे उरलेले सगळे न चुकता द्यायचे आणि परीक्षेत ते शून्य भरून काढायचं. अहुवानं ते केलं. तेरावा स्वाध्याय गेला तेव्हा मस्टरवर तिच्याच अक्षरात तिचे स्वतःचे पाच लेट मार्क होते आणि एकही तिनं खोडला नव्हता. जुलैत परीक्षा झाली, ऑगस्टमध्ये निकाल लागला. एकोणऐंशी. घरात एलियाहू हन्नाबीच्या, म्हणजे एलियाहू पैगंबराच्या, नावानं मलिदा झाला, गोड पोहे, खोबरं, पाच फळं, आणि इलाना दोनदा वाढून घेऊन गेली. सप्टेंबरात अहुवा शाळेच्या ग्रंथालयात रुजू झाली. हातोडी तिनं कारखान्यात मागून घेतली आणि टेबलाच्या खणात ठेवली.

पण बापलेकीत त्या शुक्रवारबद्दल एक शब्दही झाला नाही. दोघं हसत, बोलत, पण तेवढं चुकवून. चावी अहुवाकडेच होती.

सप्टेंबरच्या तीस तारखेला शनिवार होता. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी किप्पूरचा उपास लागणार होता, बारूख त्याला अजून दरफाळणीचा, म्हणजे दारं लावून बसायचा, सण म्हणत. त्याच्या आधी माणसानं माणसाची माफी मागायची असते. आणि त्या शनिवारच्याच रात्री सरकार घड्याळं एक तास मागे घेणार होतं. हव्दाला झाल्यावर बारूख लेकीसमोर उभे राहिले.

"घड्याळ मागे घ्यायचंय," ते म्हणाले. "पण ठोक्याच्या घड्याळाचे काटे उलटे फिरवायचे नसतात, बिघडतं. लंबक थांबवायचा, तासभर थांबायचं, मग सोडायचा." ते जरा थांबले. "मार्चात माझ्यामुळे तुझा एक तास गेला, बाय. माफ कर. हा घे परत."

"बाबा, मीच तुम्हाला नको ते बोलले," अहुवा म्हणाली. तिला आणखी पुष्कळ बोलायचं होतं, पण तिचं मराठी तेवढ्याला पुरलं नाही. तिनं त्यांचा हात धरून खुर्चीपाशी नेलं, चावी त्यांच्या खिशात परत ठेवली, आणि त्यांनी लंबक धरला. टकटक बंद झाली.

दोघं सोफ्यावर बसली. काही करायचं नव्हतं, काही द्यायचं नव्हतं, कुठलं दार बंद होणार नव्हतं. बारूखनी थोडं सॉलोमनबद्दल सांगितलं, तो पाच तास उशिरा का आला होता ते. बायको बाळंत होत होती त्याची. हे ते कुणाला कधी बोलले नव्हते. बोलता बोलता त्यांची मान लेकीच्या खांद्यावर टेकली आणि ते झोपले.

अहुवानं मनगटावरचं घड्याळ पाहिलं. तास केव्हाच होऊन गेला होता, वर वीस मिनिटं झाली होती. ती हलली नाही. थोड्या वेळानं बारूखना जाग आली आणि ते दचकून म्हणाले, "किती झाले गो? लंबक सोडायला हवा."

"झोपा बाबा," अहुवा म्हणाली, "अजून तास व्हायचाय."